मदत हवी आहे: वॉरंटीचे १,३६० किमी उरलेत आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय 'हजार चालवून या'

नमस्कार मंडळी,

२०२३च्या दसऱ्याला १६० सीसीची गाडी घेतली. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम टाकत नाही. मला बदनामी करायची नाहीये, इंजिन नीट करून हवंय. वॉरंटी तीन वर्षं किंवा ३०,००० किमी, जे आधी होईल ते. रोज धायरी ते हिंजवडी जाऊन-येऊन, त्यामुळे तारखेने वॉरंटी बरीच शिल्लक आहे आणि मीटरने संपत आलीये. आज सकाळी २८,६४० होते.

दुखणं एकच, गाडी ऑइल खाते. गळत नाही. पार्किंगमध्ये इंजिनखाली आठवडाभर पुठ्ठा टाकून ठेवला होता, एक डाग नाही. पण लेव्हल उतरते. गाडीला सेंटर स्टँड नाही, त्यामुळे बायको हँडल धरून गाडी सरळ उभी करते आणि मी फरशीवर आडवा होऊन इंजिनवरच्या ऑइलच्या काचेत बघतो. शेजारच्या आजोबांनी एकदा विचारलंसुद्धा, "काय रे, पडलास का?" २४,००० ते २७,००० मध्ये ३०० मिली टाकलं. २७,००० च्या सर्व्हिसनंतर सोळाशे किमीत आणखी अडीचशे.

हे मी १८,००० च्या सर्व्हिसपासून सांगतोय. दर वेळी अ‍ॅडव्हायझर वेगळा, उत्तर तेच: "सर, या गाडीला एवढं नॉर्मल आहे." मागच्या शनिवारी आवाज चढवला तेव्हा म्हणाला, तुम्ही बाहेरचं ऑइल टाकलंत म्हणून झालं असेल. अरे, लेव्हल उतरली म्हणून बाहेरचं टाकलं ना! आणि तेही कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं, नाना पेठेतून, पावतीसकट.

शेवटी वर्क्स मॅनेजर आले. माणूस गोड बोलला. म्हणाले, ऑइल कन्झम्प्शन टेस्ट करू. लेव्हल फुल करतो, हजार किमी चालवून या, मग बघू. मी बाहेर येऊन हिशेब केला. हजार म्हणजे माझा एक महिना. मग "रिपोर्ट कंपनीला पाठवलाय", मग "पार्ट ऑर्डर केलाय". तोवर मीटर ३०,००० च्या पुढे.

आणि खरी गोची घरी आल्यावर कळली. चारही जॉब कार्डं (गाडी घेताना सर्व्हिस सेंटर भरतं तो कागद) जेवणाच्या टेबलावर मांडली. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात काय असावं? जनरल चेकअप. जनरल चेकअप, वॉशिंग. ब्रेक टाइट करणे. जनरल चेकअप. ब्रेकचं मी जाता जाता बोललो होतो, ते लिहिलं. ऑइलचं दहा मिनिटं डोकं खाल्लं, त्याचा एक शब्द नाही. चारहींवर खाली माझी झोकदार सही. घाईत न वाचता केलेली, ऑफिसला उशीर होत होता म्हणून.

जाणकारांनी सांगा:
हजार किमी चालवावी की टेस्टला नकार द्यावा?
३०,००० च्या आत तक्रार दिली आणि काम नंतर झालं, तर वॉरंटीत धरतात का?
दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला नेलं तर ते हात लावतील का?

प्रतिसाद १

अकरा वर्षं गॅरेज लाइनमध्ये आहे, म्हणून बोलतो. टेस्टला नकार देऊ नका. खरी टेस्ट झाली तर ती तुमच्याच बाजूने बोलेल. फक्त ती नीट व्हायला हवी. समोर उभं राहून जुनं ऑइल काढायला लावा, नवीन मापाने भरायला लावा, आणि ड्रेन बोल्ट व फिलर कॅप दोन्हींवर पेंटचा पट्टा मारून घ्या. म्हणजे मधे कुणी खोललं असं कुणालाच म्हणता येत नाही, तुम्हालाही आणि त्यांनाही. हजारच कशाला, पाचशे किमीतही फरक दिसतो. तेवढं मागा.

एक सांगा, धूर कधी येतो? रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केल्यावर निळा भपका येऊन लगेच साफ होत असेल तर व्हॉल्व सील, म्हणजे ऑइल आत झिरपू न देणारं रबर. नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना सतत निळा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडर) झिजलाय. सील स्वस्त असतं, पण हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागतं. तिथे मजुरी आहे, म्हणून टाळाटाळ. वॉरंटीच्या कामात शोरूमला मजुरी कमीच सुटते.

धागाकर्ता

सकाळीच. पहिल्या स्टार्टला भपका, मग साफ. चढावर मित्राला मागे ठेवून बघितलं, त्याला काही दिसलं नाही.

प्रतिसाद २

मग ते "सील रबराचं आहे, रबर वॉरंटीत येत नाही" म्हणणार, तयारी ठेवा. ओनर्स मॅन्युअलच्या मागे काय काय धरत नाही याची यादी असते, ती शब्द न् शब्द वाचून जा. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, बल्ब बहुधा असतातच त्यात. इंजिनच्या आतल्या सीलचं काय लिहिलंय ते बघा.

आता कागदाचं. वॉरंटी कंपनीची असते, त्या एका शोरूमची नाही. कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेता येते. तक्रार कोणत्या तारखेला, किती किमीवर नोंदली याला महत्त्व आहे. म्हणून आजच कंपनीच्या कस्टमर केअरला मेल टाका, डीलरला कॉपी ठेवा, मीटरचा फोटो जोडा. नानांची, मामांची ओळख काढत बसू नका, मेल बोलतो.

नाहीच ऐकलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. डीलर आणि कंपनी दोघांना पक्षकार करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती पुण्यातच, आणि आपण अजून कोरी जॉब कार्डं सही करतोय!

प्रतिसाद ३

शनिवारी कधीही जाऊ नये. शनिवारी तिथे देव आला तरी जनरल चेकअपच लिहितील. मंगळवार-बुधवार, सकाळी साडेनऊ. आणि बाहेर टाकलेल्या ऑइलचं स्वतःहून सांगू नका.

प्रतिसाद २

शेवटच्या वाक्याशी असहमत. पावत्या आहेत तर लपवायचं कशाला? दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल विकत घ्यावं लागलं, हाच तर पुरावा आहे. तारखा लावून मेलला जोडा.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. मेल रविवारी रात्रीच टाकला, तिन्ही पावत्या जोडून. मंगळवारी पावणेदहाला दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला गेलो. अ‍ॅडव्हायझरने सवयीने 'जनरल' एवढं टाइप केलं, मी म्हटलं, "दादा, मी सांगतो तसं लिहा, तोवर सही नाही." मागे चार जण खोळंबले होते, एकाने "लवकर आटपा हो" म्हटलं. पण लिहिलं: 'ऑइल कमी होते, सकाळी निळा धूर, १८,००० किमीपासून ग्राहकाची तक्रार.' मीटर २८,७०२. त्याने आधी 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार' असं पुढे लावलं, ते मी राहू दिलं, म्हणणं माझंच आहे.

पाचशे किमीची टेस्ट मान्य केली. बोल्ट आणि कॅप दोन्हींवर पिवळा पेंट मारून घेतला, फोटो काढले. मॅन्युअलच्या यादीत रबरी होज (नळ्या) आणि बूट (आवरणं) आहेत, इंजिनच्या सीलचं नाव नाही. २९,२०० ला परत बोलावलंय. तेव्हा काय निघतं ते इथेच टाकतो.