मदत हवी आहे: नोंदवही सकाळी कोरी, संध्याकाळी बिंज

अडलेली_गाडी: क्लायंटची खाण्याची नोंदवही सुरू करून ३ आठवडे झाले. सकाळ-दुपार कोरी, सहानंतर दीड-दोन तास बिंज (ताबा सुटून भरमसाट खाणं), दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नाश्त्याचं काढलं की "भूकच नसते". ठोस काय करता? गुरुवारी सेशन आहे, लवकर सांगा.

शतपावली: वय? वजनातला बदल? उलट्या, जुलाबाची औषधं? काहीच न सांगता उत्तर काय देणार, कपाळ?

अडलेली_गाडी: २४. वजन स्थिर. उलट्या नाहीत म्हणून बिंज ईटिंग डिसऑर्डर (बिंज होते, पण नंतर भरपाई नाही) धरलंय.

पानगळ: इथेच घोळ आहे. दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं हीसुद्धा खाल्लेल्याची भरपाईच. आठवड्यातून किमान एकदा, सलग ३ महिने हे चालू असेल आणि स्वतःची किंमत वजन-बांध्यावरच ठरत असेल तर बुलिमिया, म्हणजे बिंज आणि मग भरपाई असा आजार. डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाची पुस्तिका, २०१३) मध्ये उलटीची अट नाही.
भुकेची वाट पाहू नका, ती घड्याळावर आणा. ३ जेवणं, २-३ मधली खाणी, मध्ये ४ तासांहून जास्त खंड नको. सुरुवात फक्त सकाळपासून. बिंजनंतरचं खाणं गाळलं जातं आणि फेरा तिथूनच फिरतो. बिंज झाली तरी पुढची वेळ चुकवायची नाही. बाकी, कोरं म्हणजे खाल्लं नाही की लिहिलं नाही? रात्री आठवून भरलेली वही बिनकामाची. खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं, कॅलरी न मोजता.

शून्य_बेरीज: एवढं कशाला? बुलिमियावर फ्लुओक्सेटीन (नैराश्यावरची गोळी) ६० मिलीग्रॅम.

पानगळ: ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. गोळीने सकाळचा रकाना भरत नाही.

निशाचर: रात्री उठून खातात त्यांचं वेगळं असतं, नाइट ईटिंग सिंड्रोम. झोपेचं वेळापत्रक बघा.

शतपावली: रात्री उठून खाण्याचं कोण बोललं?

दंतकथा: उलटीनंतर लगेच ब्रश नको, आम्लाने मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं. पाण्याने चूळ भरून तासभर थांबा.

शून्य_बेरीज: उलट्या नाहीत म्हटलंय ना!

शतपावली: गाडीवाले, उलट्या नाहीत हे विचारलंत की गृहीत धरलंत?

अडलेली_गाडी: थेट विचारलेलं नाही.

शतपावली: मग गुरुवारी आधी तेच. "उलट्या करता का?" म्हटलं की "नाही" येतं. "खाऊन झाल्यावर पुढचा तास कसा जातो?" असं विचारा. उलट्या होतात असं निघालं तर डॉक्टरांकडून रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी त्याच आठवड्यात. वजन स्थिर असलं तरी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात.