मदत हवी आहे: गायला बसलं की घसा आवळतो, गोळी घेऊ का?

नऊ वर्षं झाली गाणं शिकतेय. येत्या सत्रात विशारद पूर्णची परीक्षा आहे. घरी यमन तासभर सुखात गाते. मे महिन्यात शिबिराच्या समारोपाला मात्र फजिती झाली. बाहेर नागपूरचं ऊन, आणि मांडीवर ताल धरलेली माझी बोटं गारठलेली. तोंडाला कोरड. गंधार थरथरला. विलंबित एकतालात मुखडा असा घाईने उचलला की एक मात्रा आधीच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पोचले. तबलजींनी सावरून घेतलं, म्हणून निभावलं.

तेव्हापासून तंबोरा लावला तरी छातीत धडधडतं. झोप नीट नाही. गुरुजी म्हणतात, खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) वाढव. आई मीठमोहऱ्या ओवाळते. बाबा म्हणतात, "काहून एवढं मनाला लावून घेतेस?"

क्लासमधल्या एका ताईने प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिलीय, परीक्षेआधी तासभर घे म्हणाली. मला लहानपणापासून दमा आहे, पंप जवळ असतो. घेऊ का?

प्रतिसाद
नको! त्या गोळीने धडधड आणि हाताची थरथर कमी होते खरी, पण दम्यात तिच्याने श्वासनलिका आवळू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका, आणि विचारताना पंपाचं आधी सांगा.

कोरड, गार बोटं, धडधड हे सगळं अ‍ॅड्रेनलिनचं काम. श्वास वर छातीत चढतो, म्हणून गाणारा लगेच उघडा पडतो (आम्ही पेटीवाले बोटं लपवतो!). अशा वेळी मोठमोठे श्वास ओढू नका. चार मात्रा आत, आठ मात्रा बाहेर, असं सावकाश पाच मिनिटं.

दुसरं, रियाजात चुकलं की आपण थांबून परत घेतो. चूक झाल्यावर पुढे गात राहायची सवयच नसते. आठवड्यातून एकदा दोन माणसं समोर बसवा आणि काही झालं तरी न थांबता अख्खा ख्याल गा.

झोप येईना तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गाण्यासाठी कशाला फोन, असं मनात आणू नका.

धागाकर्ती
गोळी पर्समधून काढली, ताईला परत देते. रविवारी आत्या आणि शेजारच्या काकूंना बसवतेय. आत्ता लक्षात आलं, घरी मी कायम कूलरच्या घरघरीत गाते, तिथे हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येत होतं. रविवारी कूलर बंद. काकू अर्ध्या तासात उठल्या तर घामाने उठल्या असं धरून चालेन.