इटलीकडे फेरारी आहे, मग इटालियन चॅम्पियन कुठायत?

रविवारची_रेस:
परवा इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकवरची फॉर्म्युला वनची एक जुनी रेस बघत बसलो होतो, ते फेरारीचे लाल झेंडे, रेस संपल्या संपल्या ट्रॅकवर घुसणारी पब्लिक, आणि डोक्यात आलं की इटालियन वर्ल्ड चॅम्पियन झालेत किती? बघितलं तर १९५० ला फारिना, १९५२ आणि ५३ ला अस्कारी, आणि मग पुढची सत्तर वर्षं भोपळा. फेरारी १९५० पासून एकही सीझन चुकलेली नाही, तरी घरचा पोरगा चॅम्पियन करता येऊ नये?

जुनाटायर:
घरची पोरं मेली हो. १९५५ च्या मे महिन्यात अस्कारी मोनॅकोत गाडीसकट समुद्रात पडला, जिवावरचं नाकावर निभावलं, म्हणजे खरंच नाकच मोडलं. चार दिवसांनी मॉन्झाला नुसता टेस्टिंग बघायला गेला, आणि स्वतःच्या निळ्या हेल्मेटशिवाय गाडीत न बसणारा इतका अंधश्रद्धाळू माणूस दुसरा इटालियन ड्रायव्हर कॅस्टेलोत्ती, त्याचं हेल्मेट मागून घेऊन त्याचीच गाडी चालवायला बसला. परत आलाच नाही. वय ३६, बाप अंतोनिओसुद्धा ३६ व्या वर्षी रेसमध्येच गेलेला. मग फेरारीचेच इटालियन ड्रायव्हर गेले, कॅस्टेलोत्ती १९५७, मुसो १९५८, बांदिनी १९६७. दरवेळी तिकडचे पेपर फेरारीचा मालक एन्झो फेरारीवर तुटून पडायचे, त्यापेक्षा परदेशी ड्रायव्हर परवडला म्हणायचा.

शिकेनमध्ये_अडकलेला:
@जुनाटायर बरोबर, पण इटालियन आल्बोरेतो राहिला की. १९८५ ला फेरारीतून पॉइंटमध्ये फ्रेंच ड्रायव्हर प्रॉस्टच्या पुढे होता, शेवटी शेवटी गाडीनेच दगा दिला. आणि इटलीचं योगदान ड्रायव्हरवरून कशाला मोजायचं, फेरारीचा इंजिनिअर फोर्गिएरीने आडवा गिअरबॉक्स टाकून ३१२टी ही गाडी बनवली, त्या मालिकेतल्या गाड्यांवर परदेशी ड्रायव्हर लाउडा दोनदा आणि शेक्टर एकदा चॅम्पियन. आपल्या फोर्स इंडिया टीमला पहिले पॉइंट २००९ ला बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर इटालियन फिसिकेलानेच मिळवून दिले, आणि पठ्ठ्या पुढच्याच रेसला फेरारीत 😄

रविवारची_रेस:
म्हणजे त्यांना ड्रायव्हरपेक्षा गाडी प्यारी?

जुनाटायर:
इटलीतल्याच इमोला ट्रॅकवरची १९८३ ची रेस बघा. पात्रेसे, पक्का इटालियन, पण गाडी ब्रॅभम या ब्रिटिश टीमची. शेवटच्या काही लॅप राहिलेल्या, फेरारीच्या तांबेला मागे टाकून लीड घेतली आणि लगेच गाडी ठोकली. तांबे फ्रेंच, पण फेरारी पुढे गेली ना, इटालियन पब्लिकने स्वतःच्याच माणसाच्या क्रॅशवर जल्लोष केला राव.