जुन्या पॅटर्नवरून ख्रिसमसचा एप्रन शिवायचाय, ट्रान्सफर वापरू की ठेवून देऊ?

सुईदोरा_एनजे
नमस्कार मंडळी. शिवणकाम-भरतकामवाल्यांनी जरा मदत करा. इथे न्यू जर्सीत एका एस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं जुनं सामान विकायला काढतात ना, तो) बटणांच्या डब्याखाली एक पिवळं पडलेलं पाकीट मिळालं, आत हाफ एप्रनचा (कमरेखालचाच) पॅटर्न, सूचनांचा घड्या पडलेला कागद आणि निळ्या शाईचा तो इस्त्रीने उमटवायचा ट्रान्सफर. खिशावर पॉइन्सेटियाची फुलं, खाली घेराला होलीची काटेरी पानं आणि मधोमध नोएल (म्हणजे नाताळ) अशी अक्षरं आहेत पण ती आरशात बघितल्यासारखी उलटी. पाकिटावर ना कंपनीचं चित्र ना काही, नुसता टपालाचा शिक्का आणि पत्ता. आमच्या शेजारच्या आजी दर डिसेंबरला गल्लीतल्या सगळ्यांना कुकीज करायला बोलावतात, त्यांच्यासाठी शिवायचा विचार आहे.
अडचण अशी की टिश्यूवर, म्हणजे पॅटर्नच्या पातळ कागदावर, एक अक्षर छापलेलं नाही, फक्त भोकं आहेत, लहान-मोठी! ती कशाची? दुसरं, इतका जुना ट्रान्सफर आता उमटेल का? आणि कापड ऑर्गंडी (ते पातळ, कडक) घेऊ की साधं कॉटन, कारण लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्यावर गेला तर सगळंच मुसळ केरात.

मंजिरी_ओहायो
अगं काय नशीब आहे तुझं! हा वर्तमानपत्रातला मेल-ऑर्डर पॅटर्न असणार. पेपरात रोज छोटं चित्र यायचं, खाली नंबर, मग लोक नाणी आणि कूपन पाकिटात घालून पाठवायचे आणि पॅटर्न टपालाने घरी. त्यावर लॉरा व्हीलर, अ‍ॅलिस ब्रूक्स अशी बायकांची नावं असायची पण ती निव्वळ धंद्याची नावं. पत्त्यात न्यूयॉर्कच्या पुढे एक-दोन आकडी नंबर आहे का बघ. असेल तर पाकीट १९४३ ते १९६३ मधलं, कारण ते पोस्टल झोन, म्हणजे शहरातल्या टपाल विभागांचे नंबर, ४३ साली आले आणि ६३ साली पाच आकडी झिप कोड आला. शिक्का पुसट असला तरी एवढं कळतं.
भोकांचं म्हणशील तर तेव्हा बऱ्याच पॅटर्नवर छपाईच नसायची. मॅकॉल्स कंपनीने छापील पॅटर्न बाकीच्यांच्या बरेच आधी सुरू केले, इतर कंपन्या पुढे कितीतरी वर्षं भोकांवरच चालल्या. मोठी भोकं बहुतेक उभ्या धाग्याची दिशा नाहीतर कापडाची घडी दाखवतात, लहान भोकं म्हणजे चुण्या कुठून कुठपर्यंत, खिसा कुठे लावायचा वगैरे. पण प्रत्येकाची रीत वेगळी त्यामुळे आधी तो सूचनांचा कागद वाच, त्यात खुणांचा तक्ता असतोच. शिलाईची जागा किती धरलीय तेही त्यातच बघ, आजकालच्या अमेरिकन पॅटर्नमध्ये पाच अष्टमांश इंच असते म्हणून तीच धरून चालू नकोस. आणि कापडाचा पन्हा! तेव्हाचे आराखडे ३५-३६ इंच पन्ह्यासाठी, आता क्विल्टिंग कॉटन ४४ च्या आसपास मिळतं, म्हणजे तुकडे नव्याने मांडायला लागतील, कापड मात्र वाचेल.
मूळ टिश्यूवरून कापू नकोस गं बाई. कोमट इस्त्री, वाफ पूर्ण बंद, घड्या सरळ कर आणि दुसऱ्या कागदावर उतरवून घे. डॉक्टरकडे तपासायच्या टेबलावर तो गुंडाळीचा कागद असतो ना, तो ऑनलाइन स्वस्तात मिळतो, पॅटर्न ट्रेस करायला बेस्ट.

कमलताई_पुणे
मी एप्रन शिवत नाही पण भरतकामात आयुष्य गेलंय म्हणून लिहिते. ऑर्गंडीच घे, आणि सिंथेटिक नको, सुती बघून घे. ट्रान्सफरचा प्रश्नच मिटतो, कारण कापड पारदर्शक असतं. ट्रान्सफर शाईची बाजू खाली करून टेबलावर चिकटवायचा, वर ऑर्गंडी ताणून पसरायची आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने रेघा उतरवायच्या. शाई खाली असल्यामुळे तुझी ती उलटी अक्षरंसुद्धा कागदातून सुलटी दिसतील. जाड कापड असतं तर आम्ही ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवायचो, आता तिकडे घरात रॉकेल कुठून आणशील, खिडकीच्या काचेवर धरून ट्रेस केलंस तरी चालेल.
होलीच्या पानांना शॅडो वर्क कर. मागून हेरिंगबोनचा तिरपा टाका भरायचा, पुढून कडेला उलट्या टाक्यांसारखी बारीक रेघ दिसते आणि आतला हिरवा फिकट झिरपल्यासारखा दिसतो. कमी श्रमात उठाव. फक्त ऑर्गंडीवर एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे मागून दोरा ओढत नेऊ नकोस, पुढून काळपट रेघ दिसते, दर वेळी दोरा तोडून टोक टाक्यांखाली लपव. रिंगमध्ये कापड रात्रभर ठेवू नकोस, ऑर्गंडीला पडलेला वळ जाता जात नाही.
पॉइन्सेटियाची ती लाल म्हणजे पाकळ्या नव्हेत बरं का, पानंच असतात ती, खरी फुलं मधे बारकी पिवळी. तेव्हा लाल पानांना देठ टाका घाल, मधली शीर सुटी ठेव, आणि मधोमध पिवळ्या गाठीच्या टाक्यांचा झुबका. लाल भरीव करत बसलीस तर डिसेंबर उलटून जाईल आणि कापडही आक्रसेल.

वसईची_डी
मला कमलताईंचं शॅडो वर्क पटलं पण ट्रान्सफर जपून ठेवायचं काही फारसं पटत नाही, तो वापरण्यासाठीच छापला होता ना कोणीतरी? 🙂 आमच्याकडे वसईत नाताळात घरात दहा माणसं फराळाला हात लावतात, एप्रन धुवायला टाकणारच. कडेला सहसा नमुन्यासाठी एखादं छोटं चित्र असतं, ते कापून जुन्या चिंधीवर करून बघ: इस्त्री कॉटनवर, वाफ बंद, दाबून धरायची, सरकवायची नाही. उमटलं तर उत्तम. न उमटलं तरी चित्र हातात आहेच. पण एक, जुनी शाई उमटली तर ती धुण्यात निघेलच असं नाही, त्यामुळे रेघ पूर्ण झाकली जाईल असाच टाका घालायचा. बारीक धावदोरा घातलास तर खालची निळी डोकावत राहील.
खुणांसाठी ते उष्णतेने पुसणारं पेन वापरू नका प्लीज, इस्त्री फिरवली की गायब होतं पण कडक थंडीत रेघ परत येते. अमेरिकेत तर जानेवारीत पार्सल ट्रकमध्ये पडून राहिलं की झालंच. पाण्याने जाणारं निळं पेन चांगलं, फक्त इस्त्रीच्या आधी धुवायचं, नाहीतर डाग पक्का.
लाल दोरा: नवा चांगल्या कंपनीचा घ्या, आजीच्या डब्यातला नको. डीएमसी कंपनीचा ३२१ नंबरचा लाल आणि ६९९ नंबरचा हिरवा म्हणजे अगदी ठरलेली ख्रिसमसची जोडी. लडी ८ मीटरची असते, सहा पदरी, ऑर्गंडीवर एक किंवा दोनच पदर घ्यायचे म्हणजे पुरते बऱ्यापैकी. आधी दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून इस्त्री करा, गुलाबी उमटलं तर तो दोरा बाद. आणि कापड आधी धुऊन घ्याच.

सुईदोरा_एनजे
बापरे, मी दोन ओळींची अपेक्षा केली होती. मंजिरी, पत्त्यात चक्क "न्यूयॉर्क ११" आहे!! नवरा म्हणतो आता हे पाकीट फ्रेम करू. सुती ऑर्गंडी ऑर्डर केली, ट्रान्सफर आधी वरून ट्रेस करते आणि कडेला एक घंटेचं चित्र आहे ते डी म्हणते तसं चिंधीवर करून बघते. शेवटचं एक, आजी जरा जाडजूड आहेत, कमरेचा पट्टा वाढवला तर चुण्यांचं काय?

मंजिरी_ओहायो
पट्टा थोडासा वाढवलास तर चुण्या विरळ होतील एवढंच, कमरेच्या दीडपट ते दुप्पट घेर असला की पुरे. जास्त वाढवायचा असेल तर मधल्या तुकड्यात रुंदी घाल, एकाच कडेला नको, नाहीतर तुझं नोएल मधून सरकेल. चुण्यांना मशीनचा टाका सगळ्यात मोठा ठेवून दोन ओळी मार आणि फक्त बॉबिनचे दोरे ओढ. बंद मात्र लांब ठेव गं, प्रत्येकी ३६ इंच तरी, आणि रुंद. त्या काळच्या एप्रनची अर्धी मजा मागच्या त्या भल्यामोठ्या बोमध्ये आहे. घंटा उमटली का ते नक्की सांग, फोटोसकट.