कंपनीतलं सीपीआर ट्रेनिंग : उपयोग की नुसतं फोटोसेशन?

भोसरीकर
काल विन्यानं इथं टाकलं की कंपनीत सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं, शिकवणं म्हणजे एचआरचं फोटोसेशन, कोणी पडलं तर 108 ला फोन करा नि गप बसा. डोक्यातच गेलं. अरे बाबा, हृदय बंद पडलं की चार-सहा मिनिटांत मेंदू जायला लागतो, आणि शिफ्ट सुटताना चाकणच्या तळेगाव चौकातून ॲम्ब्युलन्स कशी निघते ते मी सांगायला नको. आमच्या शॉपवर एक फिटर कोसळला, वीसेक माणसं गोल करून उभी, कोणी पाणी पाजतंय कोणी तळपाय चोळतंय. शिकलेला एक पोरगा कॅन्टीनमधून पळत आला आणि छाती दाबायला बसला. तो फिटर आज नातवाला शाळेत सोडतो.

विन्या
तुमचा वाचला, आमचा नाही. ट्रेनिंग दोन तास, चाळीस माणसांत सरावाचा एक पुतळा, माझा नंबर यायच्या आत जेवणाची सुट्टी. सर्टिफिकेट सगळ्यांना! नंतर सुपरवायझर पडला तेव्हा मी समोर होतो, हातच उचलेना. बरगडी मोडली तर? पोलिसांनी धरलं तर?

सिस्टर
मोडू दे की! पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं, मोडते कधी कधी. बरगडी जुळते, मेलेला उठत नाही. आणि आचके देतोय म्हणजे श्वास चालू आहे असं समजून थांबू नका. तोंडाला तोंड लावायचं नसेल तर नुसतं दाबा. माझं खरं दुखणं वेगळंच, फिट आली की चप्पल-कांदा हुंगवणारे! तोंडात चमचा कोंबून दात पाडलेला पेशंट पाहिलाय मी.

गावकरी
आमची आजी कांद्यानंच उठवायची.

सिस्टर
बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते, नाव कांद्याचं.

आप्पा
विन्या, पोलिसांचं काढू नको, 2019 ला मोटार वाहन कायद्यात 134ए आलंय, मदत करणाऱ्याला संरक्षण आहे.

भोसरीकर
आप्पा, ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं. लेथपाशी पडलेल्याचं काय?

कंत्राटी
तुमचं ट्रेनिंग परमनंटवाल्यांना, जनरल शिफ्टमध्ये. नाइटला आम्हीच असतो, आम्हाला कोण शिकवतं? प्रथमोपचार पेटीची किल्ली टाइमकीपरकडे, तो सहाला घरी. दीडशे माणसांमागे एक पेटी आणि काम चालू असेपर्यंत सर्टिफिकेटवाला माणूस हजर, हे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टात कलम 45 ला लिहिलं होतं, 2025 ला नवी कामगार संहिता येईपर्यंत. आमच्या पेटीत परवा चहाची साखर निघाली.

एचआरवाला
पेटी उघडी ठेवली की आठवड्यात कात्री न् बँडेज गायब. तुमचेच लोक नेतात, मग कुलूप नको तर काय?

कंत्राटी
तुमचेच लोक म्हणजे कोण हो? बोट कापलं म्हणून बँडेज नेलं तर चोरी?

भोसरीकर
साहेब, शब्द जपून. आमच्याकडे मॅनेजरच्या मुलाच्या प्रोजेक्टला कापूस गेला होता, तेव्हा नाही कुलूप लागलं.

एचआरवाला
बरं, सगळा दोष एचआरचा. पुतळे चार मागवतो, खूश?

विन्या
चार आले तर फोटोसेशन शब्द मागे घेतो. तीन आले तर नाही. सिस्टर, तोवर घरी उशीवर दाबून पाहिलं तर चालेल?

सिस्टर
कोपर न वाकवता दाबा. दोन मिनिटांत घाम फुटेल, मग कळेल आळीपाळीनं का करतात ते.

कंत्राटी
पुतळे आले, उशी आली. किल्ली?