वैनगंगेच्या काठी चार-पाच गावांचं मिळून उद्यान करायचं आहे, सुरुवात कुठून करावी?

नदीकाठचा पोट्टा:
नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरी-आरमोरीच्या पट्ट्यात वैनगंगेला लागून आमची चार-पाच गावं आहेत, मधात काठाची बरीच जागा मोकळी आहे, थोडं गायरान, थोडं झुडपी, बाकी गाळपेराची, म्हणजे पाणी उतरल्यावर गाळात पेरायची. सगळ्या गावांचं मिळून एक उद्यान व्हावं असं आमच्या मंडळाचं म्हणणं आहे, संध्याकाळी लोकांना फिरायला जागा होईल, लेकरं खेळतील अन काठची झाडं-पाखरं पण टिकतील. पण जो आराखडा फिरून राहिला आहे त्यात मोठं गेट, पेव्हर ब्लॉक, सिमेंटचा घाट, कारंजं, लायटिंग, बोटिंग एवढंच दिसते. आम्हाले असं उद्यान नको आहे. पण नुसतं नको म्हणून कोणी ऐकत नाही, ग्रामसभेत ठेवायला ठोस मुद्दे पाहिजेत. ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा जी.

महसुलातला जुना माणूस:
आधी सातबारे काढा भाऊ, सगळ्या गट नंबरचे. चित्र नंतर काढा. आपल्या पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगलाची जमीन म्हणजे वनजमीन असं सुप्रीम कोर्टानं 22 मे 2025 च्या निकालात स्पष्ट केलं आहे, म्हणजे त्या तुकड्यावर गेट, हॉल, कॅन्टीन काहीही बांधायचं तर केंद्राच्या वन मंजुरीशिवाय जमत नाही. खूप ठिकाणी लोक आधी पैसा आणतात, भूमिपूजन करतात अन मग फाइल वर्षानुवर्षं अडकते. पण तोच तुकडा झाडोरा म्हणून जसा आहे तसा राहू द्यायचा ठरवला, तर तुमचं संवर्धनाचं अर्धं काम तिथंच झालं.

दुसरं पूररेषेचं. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची अन लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, बाग, खेळाचं मैदान, मोकळी जागा चालते. तुमच्या पट्ट्याची रेषा आखली आहे का ते पाटबंधारेवाल्यांना लेखी विचारा, नसेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन मागणी करा. अन ऑगस्ट 2020 च्या शेवटी जो पूर आला होता त्याचं पाणी कुठपर्यंत चढलं हे गावात सगळ्यांना माहीत आहे, देवळाच्या, शाळेच्या भिंतीवरच्या त्या खुणा नकाशावर टाका. पार्किंग, संडास, पाण्याची टाकी सगळं त्याच्या वर घ्या. एका गावाजवळ सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या होत्या, पूर ओसरल्यावर पाहिलं तर खालच्या पायऱ्या गाळात पुरल्या होत्या अन वरच्यांच्या खालची माती वाहून गेली होती, हात घातला तर आरपार जात होता. मुरमाची पायवाट करा, वाहून गेली तर पुन्हा टाकता येते.

रेतीतली पाखरं:
मी दरवर्षी उन्हाळ्यात याच नदीवर पक्षी पाहतो. पाणी उतरलं की मधात जी रेतीची बेटं उघडी पडतात तिथं नदी सुरय, छोटा आर्ली, टिटवी अंडी घालतात, घरटं म्हणजे रेतीतली एक उथळ खळगी, बस. अंड्यावर ठिपके असे की दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत, माणूस तुडवून जाते. अन भर दुपारी पाखरू उठून गेलं की ऊन लागून अंडी वाया जातात, नाही तर कुत्रे येतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस लागेपर्यंत बेटं पूर्ण बंद, फिरणं फक्त काठानं. मोठे लाइट नकोच. आंब्या-गुलमोहराची रांग लावू नका, काठाला अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ आहेत तेच राखा, त्यांच्या मुळ्यांनी काठ धरून ठेवला आहे. जैवविविधता कायदा 2002 प्रमाणं ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असायलाच पाहिजे अन तिची लोक जैवविविधता नोंदवही पण, म्हणजे गावच्या झाडं-पाखरांची लेखी नोंद. ती नोंदवही काढून पाहा, कपाटात पडली असेल तर पुन्हा नीट भरा, आराखडा बदला म्हणायला तुमच्या हातातला सगळ्यात चांगला कागद तोच आहे.

ढिवरपुऱ्यातली:
सगळ्यांचं वाचलं, पण त्या काठावर आज कोण आहे हे कोणीच लिहिलं नाही दादा. आम्हा मासोळी धरणाऱ्यांचे डोंगे, म्हणजे छोट्या नावा, तिथंच लागतात, जाळी तिथंच वाळतात, हिवाळा सरता सरता रेतीत डांगरवाडी लागते, टरबूज, डांगर, काकडी, त्यावर कितीक घरं उन्हाळा काढतात. उद्यान झालं अन तारेचं कुंपण आलं की आम्हाले तिकीट काढून नदीवर जा म्हणतील, असं होऊ देऊ नका. आमचे उतार म्हणजे नदीत उतरायच्या जागा, अन डोंग्याच्या जागा नकाशावर पहिले टाका. वनहक्क कायद्यात मासोळीचा अन चराईचा हक्क लिहिलेला आहे, गावाला सामूहिक दावा मिळाला असेल तर तो कागद पण लावा. बोटिंग करायचंच असेल तर आमच्या मासोळीवाल्यांच्या सोसायटीले द्या, इंजिनाची बोट नको, आवाजानं मासोळी पण राहत नाही अन जाळं पण फाटते.

अन एक पोहण्याचं. रेती काढून काढून जे खड्डे झाले आहेत ते वरून दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यातून एकदम डोक्यावर पाणी जाते. वर गोसेखुर्द धरण आहे, 33 दरवाजे, ते उघडले की इकडं ऊन असलं तरी पाणी वाढते. बाहेरगावच्या लोकांना हे कळत नाही. कुठं उतरायचं, कुठं नाही ते आमच्या माणसांना विचारून ठरवा, अन भोंगा बसवा.

नदीकाठचा पोट्टा:
ताई, हे आमच्या मंडळाच्या डोक्यातच नव्हतं. उतार अन डांगरवाडीची मोजणी तुमच्या लोकांसोबत फिरूनच करू. सातबारे अन वनहक्काचा कागद उद्यापासून गोळा करतो. काका, चारही ग्रामपंचायतींचा ठराव एकच मसुदा घेऊन करायचा की प्रत्येकीचा वेगळा?

महसुलातला जुना माणूस:
मजकूर एकच, ठराव प्रत्येक ग्रामसभेचा वेगळा. सोबत आपापल्या गावचे गट नंबर जोडा.