अर्जंट मदत हवी आहे: बटण दाबलं की काहीच होत नाही

यावलचा_पोऱ्या
टीवायला आहे. वेबचं प्रॅक्टिकल, उद्या दुपारी सबमिशन. केळीच्या भावाचं पान केलंय, तालुका निवडून बटण दाबलं की खाली भाव यायला पाहिजे. काहीच होत नाही. दोन दिवसांपासून करून राहिलो. मित्राचं चालतं, माझं नाही. कोड तोच आहे. प्लीज लवकर सांगा.

धुळे_आग्रारोड
भो, कोड टाक ना. आमच्या काय अंगात येतं का?

जुना_प्रोग्रॅमर
फाईल डबल क्लिक करून उघडताय ना? तिथेच चूक. झॅम्प (आपल्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, फाईल त्याच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट या पत्त्यावरून उघडा. आणि कॉलेजच्या जुन्या नोट्समधलं, डेटाबेसला जोडणारं मायएसक्यूएल_कनेक्ट वापरू नका. पीएचपी (सर्व्हरवर चालणारी भाषा) ७ मध्ये, म्हणजे २०१५ सालीच ते काढून टाकलंय. मायएसक्यूएलआय वापरा.

यावलचा_पोऱ्या
सर, पीएचपी नाहीच यात. नुसतं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट.

धुळे_आग्रारोड
मग झॅम्प कशाला? एवढ्याला डबल क्लिक चालतं, काका.

जुना_प्रोग्रॅमर
सवय चांगली लागावी म्हणून सांगितलं. पुढे पीएचपी येणारच आहे.

भुसावळ_ते_हिंजवडी
आजकाल साधं जावास्क्रिप्ट कोण लिहितं? रिअ‍ॅक्ट शिक, जावास्क्रिप्टचीच लायब्ररी आहे. इंटरव्ह्यूत तेच विचारतात.

धुळे_आग्रारोड
उद्या सबमिशन आहे त्याचं. रात्रीतून रिअ‍ॅक्ट शिकवतो का तू?

केळीबाग
आधी जावा पक्की करा, मग या गोष्टी. पाया महत्त्वाचा. आणि भाव कुठला दाखवणार? आमच्याकडे सगळे बऱ्हाणपूरचा भाव बघतात.

शिरपूरची_मास्तरीण
केळीबाग, जावा वेगळी, जावास्क्रिप्ट वेगळी. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकनं दहाएक दिवसांत पहिला सांगाडा उभा केला, तेव्हा जावाचा बोलबाला होता म्हणून नाव तसं ठेवलं. दरवर्षी व्हायव्हात निम्मी मुलं इथेच अडकतात.
यावल, एफ १२ दाबून कन्सोल बघ, ब्राउझर चुका तिथे दाखवतो. लाल अक्षरात काही येतं का?

यावलचा_पोऱ्या
नाही मॅडम, कन्सोल कोरं आहे.

शिरपूरची_मास्तरीण
स्क्रिप्ट वर हेडमध्ये, म्हणजे पानाच्या सुरुवातीच्या भागात आहे का? तसं असेल तर बटण तयार व्हायच्या आधीच ती चालून जाते. पण मग लाल एरर आली असती. "काहीच होत नाही" म्हणजे नेमकं काय? बटणाकडे नको, वर पत्त्याच्या पट्टीकडे बघत दाब.

यावलचा_पोऱ्या
स्क्रिप्ट खाली आहे. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि तालुका=रावेर असं येतं. आणि भाव एक क्षण दिसतो, मग जातो. ते मला लोडिंग वाटलं.

धुळे_आग्रारोड
अरे बाबा, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!!

शिरपूरची_मास्तरीण
सापडलं. तुझं बटण फॉर्मच्या आत आहे. फॉर्ममधल्या बटणाला टाइप दिला नाही तर ते सबमिट बटण होतं. तुझं फंक्शन चालतं, भाव लिहितं, आणि लगेच फॉर्म सबमिट होऊन पान नव्यानं उघडतं. कन्सोलही त्यामुळेच पुसलं जातं. कन्सोलमधल्या प्रिझर्व्ह लॉगवर (जुन्या नोंदी टिकवून ठेवायचा पर्याय) टिक केली असतीस तर दिसलं असतं. बटणाच्या टॅगमध्ये टाइपची किंमत "बटन" अशी दे. मित्रानं फॉर्म टॅगच टाकला नसेल.

भुसावळ_ते_हिंजवडी
प्रिव्हेंटडिफॉल्ट जास्त बरोबर, ते आपोआप होणारं सबमिट थांबवतं. एंटर दाबलं तरी सबमिट होऊ शकतं की.

शिरपूरची_मास्तरीण
हे मान्य. फॉर्मच्या सबमिटवरच फंक्शन लाव आणि त्यात पहिल्या ओळीत प्रिव्हेंटडिफॉल्ट.

यावलचा_पोऱ्या
झालं मॅडम!!! मित्राच्या पानात खरंच फॉर्म नाही. पण आता कापणीची मजुरी ८००० आणि गाडीभाडं १२०० टाकलं तर एकूण खर्च ८०००१२०० येतो.

केळीबाग
एवढा खर्च असेल तर बाग मोडलेली बरी.

शिरपूरची_मास्तरीण
चौकटीतून येतो तो मजकूर, आकडा नव्हे. त्यामुळे अधिक चिन्ह दोन्ही शेजारी चिकटवतं. दोन्हींना आधी नंबर या फंक्शनमध्ये घालून आकडा कर, मग बेरीज कर. गुणाकारात हे कळत नाही, तिथे जावास्क्रिप्ट मजकुराचा आपोआप आकडा करून घेते. म्हणून पुढच्या वेळी आधी बेरीज तपासत जा.

यावलचा_पोऱ्या
९२०० आलं. झोपतो आता, जर्नल पण लिहायचंय सकाळी.

केळीबाग
ते पान मोबाईलवर उघडेल का? आमच्या बाबांना दाखवतो.

जुना_प्रोग्रॅमर
झॅम्प सुरू होत नसेल तर पोर्ट ८० अडकलेलं असतं. अपाचेच्या (झॅम्पमधला सर्व्हर) सेटिंगमध्ये ८०८० करा.